जपानला जाणाऱ्यांसाठी: नकार कसा ओळखायचा, काय आधी विचारायचं, कुठे आवाज खाली आणायचा

सायली_एदोगावा

जपानच्या सहलीबद्दल विचारणारे मराठी लोक अलीकडे खूप वाढलेत. बहुतेकांचे प्रश्न व्हिसा, रेल्वे पास, साकुरा कधी फुलतो आणि शाकाहारी मिळतं का, इथवर येऊन थांबतात. हे सगळं विचारायलाच हवं. पण टोकियोत घर करून राहिल्यावर मला दिसतं की पाहुण्यांचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. समोरचा आपल्याला नाही म्हणतोय हे आपल्या लक्षात येत नाही, आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते आपण त्याला पुरेसं आधी सांगत नाही. या दोन गोष्टी जमल्या तर जपानसारखा सोपा देश नाही. म्हणून हा धागा.

नकारापासून सुरू करते. हॉटेलात खोली तीन वाजता मिळणार असते आणि तुम्ही बाराला पोचता. काउंटरवरच्या मुलीला विचारता, आत्ता खोली मिळेल का? ती हसते, मान किंचित तिरकी करते, दातांमधून हवा आत ओढते आणि 'ते जरा...' असं म्हणून वाक्य तिथेच सोडून देते. झालं, हा पूर्ण नकार आहे. आपल्याकडे अशा वेळी वाटतं की थोडं अजून रेटलं तर काम होईल. मग आपण मुलं दमलीत म्हणतो, मॅनेजरला बोलवा म्हणतो. तिच्या दृष्टीने उत्तर देऊन झालेलं असतं, तरी तुम्ही पुन्हा तेच विचारताय, याने ती कानकोंडी होते. त्यापेक्षा लगेच प्रश्न बदला. 'सामान इथे ठेवून फिरायला जाता येईल का?' याला जवळजवळ नेहमी हो मिळतं. नियमात बसणारं काय आहे ते विचारलंत की तीच मुलगी नकाशा काढून, जवळची जेवायची जागा दाखवून, छत्री हातात देऊन तुमच्यासाठी धडपडेल.

बोलताना समोरचा सारखा 'हाइ, हाइ' म्हणत असेल तर तो ऐकतोय एवढंच समजा, त्याने मान्य केलं असं धरू नका. खात्री हवी असेल तर शेवटी एकच साधा प्रश्न विचारा: किती वाजता, किती पैसे, कुठला फलाट. दोन हातांची फुली दाखवली तर नाही, हातांनी गोल केला तर हो. आणि आपण होकारासाठी मान डावी-उजवीकडे डोलावतो ती कृपया तिथे डोलावू नका. त्यांना ती नकारासारखी दिसते. होकारासाठी मान सरळ वरखाली करा.

इंग्रजीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जपानी माणूस शाळेत अनेक वर्षं इंग्रजी शिकलेला असतो, पण ते वाचायचं आणि लिहायचं. बोललेलं त्याला पकडता येत नाही, विशेषतः आपल्या वेगाने. तेच वाक्य कागदावर किंवा फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं की चेहरा खुलतो. वाक्य छोटं ठेवा. 'जमलं तर आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली तर फार बरं होईल' असं नको. 'खिडकीजवळची जागा. दोन माणसं.' बस. भाषांतराचं ॲप वापरतानाही हेच. मराठीतून टाकण्याऐवजी सोप्या इंग्रजीतून टाका, अर्थ कमी बिघडतो.

आणि कोणाशीही बोलायला सुरुवात करण्याआधी 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणा. वेटरला बोलवायला, वाट मागायला, धक्का लागला तर, कोणी दार धरून ठेवलं तर, सगळीकडे चालतं. चुटकी वाजवून किंवा 'हॅलो, एक्स्क्यूज मी' असं लांबून ओरडून कोणाला बोलावू नका. 'सुमिमासेन' मात्र उपाहारगृहात थोड्या मोठ्याने म्हटलेलं चालतं, तिथले लोकही तसंच बोलावतात.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा. मी जमेल तशी उत्तरं देत राहीन.

मास्तर_वाई

फार उपयुक्त. आम्ही दोघे शरद ऋतूत जायचं ठरवतोय. दोघेही सत्तरीच्या आसपास. मंडळी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि काही दिवस कांदा-लसूणही वर्ज्य. प्रवास कंपनीचे लोक 'होईल सोय' म्हणतात, पण मला ते मोघम वाटतं. खरं काय ते सांगा.

सायली_एदोगावा

काका, मोघम उत्तरावर विसंबू नका.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक पातळ अर्क. तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीपासून, म्हणजे सुकवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून करतात. मिसो सूप, उदोन-सोबा नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, टेंपुराबरोबरची (जपानी भज्यांबरोबरची) चटणी, कधीकधी इनारी सुशीचं तोफूचं आवरण, सगळ्यांत तो असतो. तुकडा दिसत नाही, त्यामुळे वाढणाऱ्याला त्यात मासा आहे असं मनातही येत नाही. 'व्हेजिटेरियन' म्हटलंत तर तो मांस काढेल, वर मासे ठेवेल, आणि तुमची सोय केली म्हणून समाधानाने उभा राहील. त्याच्या मनात काही खोट नसते. म्हणून काय खात नाही त्याची यादी द्या. जपानीत छापलेलं कार्ड करून घ्या: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कात्सुओचा दाशी नाही, कांदा नाही, लसूण नाही. तोंडाने म्हणायचं झालं तर 'निकु, साकाना, तामागो, ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देसु.'

हे कार्ड टेबलावर बसल्यावर नव्हे, आरक्षण करतानाच दाखवा किंवा पाठवा. जपानी स्वयंपाकी ऐनवेळचा बदल सहसा करत नाही. त्यात उद्धटपणा नसतो. पदार्थ नीट झाला नाही तर तो पाहुण्यापुढे ठेवणं त्याला पटत नाही. मात्र चार दिवस आधी कळवलं तर वेगळा दाशी, कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंब्यांचा, करून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

तुमच्या मंडळींसाठी सगळ्यात उत्तम म्हणजे शोजिन र्योरी, बौद्ध मठांतलं जेवण. त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही परंपरेनेच वर्ज्य. तरी दाशीचं एकदा विचारा, कारण मठाबाहेरची काही उपाहारगृहं नाव तेच ठेवतात आणि पद्धत सैल करतात.

दुकानातल्या पाकिटांबद्दल: जपानमध्ये अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड अशा ठरावीक पदार्थांचा उल्लेख पाकिटावर सक्तीचा आहे. मासे त्या सक्तीच्या यादीत नाहीत. त्यामुळे ॲलर्जीचा चौकोन बघून शाकाहारी ठरवू नका, पूर्ण घटकांची ओळ कॅमेऱ्याने भाषांतरित करून बघा. करीचा रस्सा करायच्या तयार वड्यांत (करी रू) बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. 'करी' हे नाव वाचून आपली माणसं निर्धास्त होतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

गुरुदत्त_मडगांव

मी मासे खाणारा, त्यामुळे माझी जपानमध्ये चंगळच. पण बीफ-पोर्क न खाणाऱ्या आमच्या सोबतच्या लोकांसाठी एक भर: रामेन नूडल्सचा रस्सा बहुतेक ठिकाणी डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो. वरचे तुकडे काढून देतो म्हणाले तरी रस्सा तोच. मोमोसारख्या ग्योझामध्येही पोर्कच. मासे खाणाऱ्यांनी सोबा, सुशी, भाजलेल्या माशाचं तेइशोकु (ताट) यांवर राहावं, पोट छान भरतं.

इझाकायात (जपानी पद्धतीच्या मद्यगृहात) बसल्या बसल्या न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. बिलात माणशी साधारण ३०० ते ५०० येन लागतात. ते बसण्याचे पैसे आहेत, फसवणूक नव्हे. त्यावरून काउंटरवर वाद घालणारे पर्यटक बघून वाईट वाटतं. टिप मात्र अजिबात ठेवू नका, पैसे विसरलात म्हणून पळत मागे येतील. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे.

नूडल्स आवाज करत ओढलेल्या चालतात. चॉपस्टिक भातात उभ्या खोचणं आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणं, हे दोन्ही नको. अंत्यविधीत मृताच्या नावाने भातात तशा खोचतात आणि दहनानंतर अस्थी तशा उचलतात. नवरा-बायको एकमेकांना घास देताना बघून शेजारचं टेबल एकदम गप्प होतं ते यामुळे.

रेवा

सायलीताई, गाडीतल्या शांततेबद्दल लिही ना. आम्ही मुलांसह, सासूसासऱ्यांसह नऊ जणांचा गोतावळा नेतोय. आमच्याकडे चार माणसं बोलत असली की पाचवा आणखी मोठ्याने बोलतो.

सायली_एदोगावा

गाडीत बोलायला बंदी नाही, रेवा. शेजारच्याला ऐकू येईल एवढ्या आवाजात खुशाल बोला. फोनवर बोलणं मात्र कोणीच करत नाही. घरून व्हिडिओ कॉल आला तर कापा आणि उतरल्यावर करा. फोनचा स्पीकर चालू करून गाणी-रील बघणं तर बिलकुल नाही. मुलांना आधी सांगून ठेवलं की मुलं पटकन शिकतात. मला अडचण दिसते ती मोठ्यांची.

आणि इथेच माझा मूळ मुद्दा पुन्हा येतो. डब्यात कोणी तुम्हाला 'हळू बोला' म्हणणार नाही. कोणी वळून रागाने बघणारही नाही. फार तर शेजारचा उठून दुसऱ्या डब्यात जाईल. आपल्याकडे चुकलं की कोणीतरी टोकतं, त्यामुळे कोणी टोकत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय असा आपला समज. जपानमध्ये तो धरता येत नाही. चार क्षण आजूबाजूला बघा: लोक पिशव्या कुठे ठेवतात, बूट कुठे काढतात, रांग कुठून सुरू होते. आणि तसंच करा. हे बघणं हीच इथली निम्मी भाषा आहे.

नऊ जण एकत्र चढू नका, दोन-तीन दारांत वाटून घ्या. फलाटावर दार कुठे येणार त्याच्या खुणा असतात, तिथे रांग. पाठीवरची सॅक पुढे घ्या. सकाळच्या गर्दीत काही डबे फक्त बायकांसाठी असतात, गुलाबी पाटी बघा. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. नागोयात तर २०२३ पासून जिन्यावर चालायचंच नाही, उभंच राहायचं, असा स्थानिक नियम आहे.

कचरापेट्या रस्त्यात दिसणार नाहीत. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर त्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. केळ्याचं साल असो की चॉकलेटचा कागद, एक पिशवी जवळ ठेवा आणि हॉटेलात नेऊन टाका. कोनबिनीतली (चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानातली) पेटी तिथेच घेतलेल्या वस्तूंसाठी असते.

मोठं कुटुंब म्हणून भाड्याचं घर घेणार असाल तर एक विनंती. घराच्या मालकाने दिलेला कचऱ्याचा तक्ता पहिल्या रात्रीच वाचा. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, सगळ्यांचे वार वेगळे. आणि रात्री नऊनंतर बाल्कनीत गप्पा नकोत. मी राहते त्या निशी-कासाई भागात २००० च्या सुमारापासून संगणक क्षेत्रातली भारतीय कुटुंबं येऊ लागली. शेजाऱ्यांशी सूर जुळायला दोन्ही बाजूंनी मेहनत घेतली गेली, तेव्हा कुठे आज इथे गणपती बसतो आणि जपानी शेजारी आरतीला येतात. २०१९ मध्ये आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले, ते याच मातीत. पाहुणा चार दिवसांनी जातो, पण त्याच्यावरून शेजारी पुढच्या भारतीयाला घर द्यायचं की नाही ते ठरवतात. हे मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं.

अद्वैत_पुणे

सगळं पटतं, तरी वाचून दडपण येतं. पैसे खर्च करून सुट्टीला जायचं आणि क्षणोक्षणी नियम आठवायचे? जपानी लोक परदेशी माणसाला सूट देतातच की.

सायली_एदोगावा

देतात, खूप देतात. वाकून नमस्कार किती अंशांत करायचा, कप कुठल्या हाताने धरायचा यासाठी कोणी पाहुण्याला नावं ठेवत नाही. हसून केलेला साधा नमस्कारही त्यांना आवडतो. त्यामुळे बारीकसारीक गोष्टींचं ओझं खरंच घेऊ नकोस.

पण सूट संपते ती दुसऱ्याला त्रास होतो तिथे. क्योटोच्या गिओन भागाचं बघ. तिथे माइको आणि गेइको, म्हणजे पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत, कामाला जाताना पर्यटक रस्ता अडवून, किमोनोची बाही ओढून फोटो काढायचे. आधी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटोला बंदी आली, त्याने भागलं नाही म्हणून २०२४ मध्ये त्या गल्ल्याच पर्यटकांना बंद झाल्या. १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या. फुजी पर्वताजवळच्या फुजिकावागुचिको गावात तर २०२४ च्या मे महिन्यात लोकांनी एका दुकानामागे दिसणाऱ्या डोंगराचा फोटो काढायला इतकी गर्दी केली, रस्ता ओलांडला, समोरच्या दवाखान्याच्या आवारात शिरले, की गावाला तिथे काळा पडदा उभारावा लागला. पुढे तो काढला. किती महिने किती नम्रपणे पाट्या लावून सांगून झाल्यावर त्या गावाने हे केलं, ते बघितलं की कळतं. जपानी माणूस पुष्कळ सोसतो आणि मग एकदम दार लावतो. मधली पायरी आपल्याला दिसत नाही.

म्हणून तीनच गोष्टी मनात ठेव: आवाज, वेळ, आणि दुसऱ्याची जागा. बाकी मजा कर.

चाकणकर

कामासाठी जाणाऱ्यांसाठी थोडं लिहितो. आमच्या कारखान्यात जपानी सहकारी आहेत आणि मी त्यांच्या मुख्य कार्यालयात जाऊन येऊन असतो.

बैठकीत निर्णय होईल अशी अपेक्षा ठेवू नका. निर्णय आधीच एकेकाशी बोलून, कागद फिरवून झालेला असतो, बैठक तो जाहीर करायला असते. आपली माणसं बैठकीत नवा मुद्दा जोरात मांडतात, आणि समोर सगळे शांत. त्या शांततेला आपण होकार समजून परत येतो आणि मग दोन महिने काही हालत नाही. तुमचा मुद्दा आठवडाभर आधी संबंधित माणसाला लेखी पाठवा, शक्यतो आकृती आणि आकड्यांसकट. बैठकीत मग तोच तुमच्या बाजूने बोलेल.

समोरचा गप्प झाला तर ती पोकळी भरायला जाऊ नका. तो विचार करतोय. आपण मधेच बोललो की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, किंवा सोडून देतो.

'उद्या बघतो', 'होऊन जाईल' ही आपली रोजची उत्तरं तिथे वचन म्हणून लिहून घेतली जातात. जमणार नसेल तर आधी सांगा. उशीर होणार हे आदल्या दिवशी कळवलंत तर तो मदतीला येईल, ठरलेल्या वेळेला कळवलंत तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. पाच मिनिटं आधी पोचणं म्हणजे वेळेवर पोचणं.

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं, वाचायचं, बैठक होईपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं. मागच्या खिशात कोंबू नका, त्यावर काही लिहू नका. समोरच्याच्या नावानंतर आदराचं 'सान' लावायचं, पण स्वतःच्या नावानंतर कधीच नाही. संध्याकाळच्या जेवणात आपला ग्लास आपण भरत नाहीत, शेजाऱ्याचा भरतात. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये, उलाँग चहा मागवा, कोणी आग्रह करत नाही. आपल्यापेक्षा तिथे हल्ली बरं आहे या बाबतीत.

भेटवस्तू दोन्ही हातांनी द्या. समोरच्याने तुमच्यासमोर ती उघडली नाही तर नाराज होऊ नका. चार नगांचा संच टाळा, तो आकडा तिथे अशुभ मानतात. चितळ्यांची बाकरवडी आमच्याकडे हिट आहे, सुकी, वेगवेगळी पाकिटबंद, सगळ्या विभागात वाटता येते. तुपातली मिठाई त्यांना फार गोड होते.

वसुधा_क

ओन्सेनबद्दल, म्हणजे गरम झऱ्यांच्या स्नानाबद्दल, कोणी लिहीत नाही म्हणून विचारते. सगळ्यांसमोर पूर्ण विवस्त्र होऊन पाण्यात उतरायचं, हे आमच्या वयाच्या बायकांना कसं जमायचं?

रेवा

वसुधाताई, माझी जाऊ तिथे राहते, तिने सांगितलेलं लिहिते. स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे असतात. कोणी कोणाकडे बघत नाही, बघणं हेच तिथे असभ्य. नको वाटत असेल तर खासगी कुंड तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतं, त्याला काशिकिरी म्हणतात. र्योकानमध्ये (पारंपरिक जपानी निवासात) खोली घेतानाच विचारून ठेवायचं. नवरा-बायको, मुलं एकत्र जाऊ शकतात. पोहण्याचा पोशाख घालून मात्र नेहमीच्या कुंडात उतरू देत नाहीत.

सायली_एदोगावा

रेवाने छान सांगितलं. फक्त एवढी भर: आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, साबण पूर्ण काढायचा, मग कुंडात. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, केस वर बांधायचे. पंढरपूरच्या चंद्रभागेत बुडी मारल्यासारखी डोक्यावरून बुडी घ्यायची नाही. गोंदवलेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश मिळत नाही, त्यात आपल्या आजीच्या हातावरचं गोंदणही आलं. किनोसाकी ओन्सेन या गावातली सार्वजनिक स्नानगृहं गोंदणवाल्यांना घेतात. इतर ठिकाणी आधी विचारा, आणि पुन्हा तेच, मान तिरकी झाली की आग्रह नको.

संघमित्रा_नागपूर

कोयासानला, तिथल्या डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावी, जायचं आमच्या मनात आहे. दीक्षाभूमीमुळे, जपानहून आलेल्या भदंत सुरेई ससाईंमुळे आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमुळे जपान आम्हा नागपूरकरांना परकं वाटत नाही. कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, तिथे वंदन करायचं आहे. कोणी गेलंय का? मठात राहताना काय पाळायचं?

सायली_एदोगावा

जय भीम. हो, जाऊन आले. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्या पुतळ्याचं अनावरण झालं. महाराष्ट्र आणि कोयासान ज्यात येतं त्या वाकायामा प्रांताचं त्याआधीपासून सहकार्य आहे. विद्यापीठ चालू असतं, तासिका असतात, त्यामुळे मोठा गट असेल तर आधी ई-मेल करून दिवस आणि वेळ कळवा. फुलं, मेणबत्त्या, घोषणा यांबद्दलही त्या पत्रातच विचारा. तुम्ही कोण आणि का येताय हे दोन ओळींत लिहा. हेतू नीट कळला की जपानी माणूस तुमचं काम स्वतःचं समजून करतो.

ओसाकाच्या नांबा स्थानकावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, मग बस. ८१६ साली भिक्षू कुकाई, म्हणजे कोबो दाइशी, यांना हा डोंगर मिळाला, तेव्हापासून शिंगोन या बौद्ध पंथाचं हे केंद्र. मुक्कामासाठी पन्नासच्या आसपास मठ आहेत, त्यांना शुकुबो म्हणतात. जेवण शोजिन र्योरी, त्यामुळे मास्तरकाका, तुम्हीही हे टिपून ठेवा. संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहालाच असतं. पाच वाजेपर्यंत पोचायला हवं, आठला येतो म्हणून चालत नाही. सकाळी सहाच्या सुमाराला प्रार्थना, तिला पाहुण्यांनी बसलेलं आवडतं. गुडघ्यांवर बसणं जमत नसेल तर आधी खुर्ची मागा, देतात. तातामीवर (गवताच्या चटयांच्या जमिनीवर) चपला किंवा स्लिपर घालून पाय ठेवायचा नाही, आणि शौचालयातले स्लिपर तिथेच सोडायचे.

कोयासानच्याच ओकुनोइन दफनभूमीत दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. त्यांतल्या पाच थरांच्या दगडांवर अक्षरं कोरलेली दिसतील: ख, ह, र, व, अ. आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. लिपी सिद्धम्, आपल्या देवनागरीची नातलग. सावकाश बघितलीत तर एखाददुसरं तुम्हाला ओळखता येईल. मी तिथे किती वेळ उभी होते! शेवटच्या गोब्योबाशी पुलापलीकडे मात्र फोटो नाही, खाणं-पिणं नाही, टोपी काढायची, आवाज खाली.

असाच आपला गणपती टोकियोत असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेनला आहे, कांगितेन नावाने. लोक मुळा वाहतात. मूर्ती दर्शनाला खुली नसते. आपली काही मंडळी 'आम्ही भारतातून आलोय, एकदा दार उघडा' म्हणून पुजाऱ्याला अडून बसतात, तसं करू नका. आपल्या देवाच्या दारात त्यांची पद्धत पाळणं हाही भक्तीचाच भाग आहे. आणि क्योटोच्या सान्जुसान्गेन्दोत कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्तींसमोर आपला इंद्र भेटेल, तिथेही आत फोटो चालत नाहीत. शिंतो देवळात दोनदा वाकून, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे.

मास्तर_वाई

मन भरून आलं हे वाचून. कोयासान नक्की करतो. शेवटचे दोन प्रश्न: सामान आणि औषधं. माझी रक्तदाबाची, मंडळींची साखरेची गोळ्या-औषधं चालू आहेत. आणि भूकंप झाला तर काय करायचं?

सायली_एदोगावा

काका, सामान ओढत फिरू नका. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बॅग पाठवायची सोय असते, ताक्युबिन म्हणतात. काउंटरवरच अर्ज भरून देतात, टोकियोहून क्योटोला साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. एका रात्रीचे कपडे आणि औषधं जवळ ठेवा. शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेनने) मोठी बॅग न्यायचीच असेल तर लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त झाल्यास तिच्यासाठीची जागा तिकिटाबरोबरच आरक्षित करा. वेगळे पैसे पडत नाहीत, न करता चढलात तर १,००० येन घेतात. सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो एकेरी प्रवास १४ हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्यासारख्या निवांत बेताला सुटी तिकिटंच स्वस्त पडतील.

औषधं महिनाभरापुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट आणा. महिन्यापेक्षा जास्त साठा असेल तर त्यांच्या आरोग्य मंत्रालयाचं युन्यु काकुनिन-शो (औषध आणण्याचं प्रमाणपत्र) आधी काढावं लागतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असतं, त्याचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये आणायला बंदी आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही घरीच ठेवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणू नका. भारतीय आंब्याला जपानने २००६ मध्ये दारं उघडली खरी, पण ती बाष्पप्रक्रिया केलेल्या, तपासून आलेल्या आंब्याला. पिशवीतली हापूसची पेटी विमानतळावरच जाईल.

भूकंपाचा इशारा आला की सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात. बाहेर पळू नका. टेबलाखाली जा, डोकं झाका, हलणं थांबेपर्यंत तिथेच. हॉटेलचे लोक सांगतील तसं करा, ते खूप सराव केलेले असतात. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. पासपोर्ट सतत जवळ ठेवा, पाहुण्यांना तो कायद्यानेच बाळगावा लागतो. काही हरवलं तर जवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत जा. पैशांचं पाकीटसुद्धा परत मिळाल्याची उदाहरणं रोजची आहेत.

जेवणाच्या कार्डाचा जपानी मजकूर मी तयार करते. तुम्ही दोघांच्या वर्ज्य पदार्थांची पूर्ण यादी इथे लिहा, मध आणि दही चालतं का तेही.

मास्तर_वाई

मध, दूध, दही चालतं. अळंबी मला चालते, मंडळींना नाही. जिलेटिनही नको. बाकी तुम्ही वर लिहिलंय तेच.

सायली_एदोगावा

मग दोन वेगळी कार्डं करते, एकावर अळंबी वर्ज्य. तसं असेल तर शिताकेचा दाशीही काकूंना चालणार नाही, फक्त कोम्बुचा चालेल, हे मठाला आरक्षणाच्या वेळीच कळवावं लागेल. कुठला मठ ठरतो ते सांगा, पत्र मी जपानीत लिहून देते.